पेढीवरच्या खुर्च्या

सोलापूरच्या आमच्या लुगड्यांच्या पेढीवर गाद्या-तक्के होते आणि मला त्यांची लाज वाटे. म्हणून पेढ्या सजवून देणारा एक गृहस्थ मी मुंबईहून बोलावला. नकाशा काढताना त्यानं नीट विचारलं होतं, “विणकर माल दाखवायला येतात, ते कुठं बसतात?”

मी तोऱ्यात म्हणालो, “खुर्चीवर. दुसरं कुठं बसणार?”

गाद्या गेल्या, टेबल-खुर्च्या आल्या. पहिल्याच सकाळी आमचा जुना तेलुगू विणकर आला. चपला बाहेर काढल्या, खुर्चीकडं पाहिलं आणि तिच्याशेजारी फरशीवर बसला.

“वर बसा की!”

“लुगडं पसरायचं हाय, सावकार. हितंच बरं.”

टेबलाआडून मला ना लुगडं दिसेना, ना तो. तेवढ्यात वडील आले. त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि लुगड्याखाली हात घालून पोत पाहू लागले. मी गडबडीनं टेबलामागून पुढं आलो.

“बस,” त्या रिकाम्या खुर्चीकडं बोट करून वडील म्हणाले. “हौसेनं आणलीस ना? बस.”

मी बसलो. लुगड्यावर वाकलेल्या वडिलांची पगडी माझ्या गुडघ्याशी आली होती, आणि माझ्या पायांत बूट होते.