बाबांची हिरवी झेंडी आणि माझे पन्नास किलोमीटर

मंडळी, पाय सुजलेत, पण हे आजच लिहायचं आहे.

आज नवा रायपूरच्या मागच्या कच्च्या वाटांवर पन्नास किलोमीटरची शर्यत होती. दहा-दहाच्या पाच फेऱ्या. माझे बाबा रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. "बेचाळिसाव्या वर्षी काहून धावून राहिली?" असं वर्षभर विचारणारे बाबा पहाटे स्टूल घेऊन माझ्याआधी तयार! आईची हिरवी साडी कापून झेंडीही केलेली. (आई अजून चिडून आहे.)

प्रत्येक फेरीला त्यांनी झेंडी दाखवली. चौथीनंतर मी खाली बसलीच. "बाबा, मले नाही होत आता."

त्यांनी माझे जोडे काढून खडे झटकले, लेस बांधली, मीठ-लिंबाचं पाणी पाजलं. मग चार पावलं मागे जाऊन झेंडी हलवली. "लाइन क्लिअर आहे. निघ."

अशा माणसाले नाही कसं म्हणणार? निघाली. मागच्या वर्षीपेक्षा अठरा मिनिटं आधी पोचली! माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ.

मेडल त्यांच्या गळ्यात घातलं. "चला बाबा, घरी."

"थांब ना. मागे लोक येऊन राहिले. शेवटला डबा पार झाल्याशिवाय गार्डची ड्युटी संपते का?"

दीड तास आम्ही दोघं उन्हात उभे होतो. शेवटी एक अनोळखी काका लंगडत आले. बाबांनी त्यांनाही झेंडी दाखवली आणि मगच ती घडी करून खिशात ठेवली.

तुमच्या घरी आहे का असं कोणी, जे सगळे पोचल्याशिवाय जागचं हलत नाही?