कॉलर उलटून मिळेल

आमच्या आवडाबाईचा सोभाव सांगायचा तर ती भांडाय लागली की मुकुंदवाडी ठेसनात आलेली गाडी बी जरा थांबून ऐकील. मी वच्छलाबाई, तिच्या दुकानात काज-बटनाचं काम करते. सकाळी गेलं की पहिली शिवी मला, अन् पहिला चहा बी मलाच. तक्रार करावी तरी कुणाकडं?

ठेसनाच्या रस्त्याला तिचं शिलाईचं दुकान. तवा तीन मशिनी होत्या. एकीवर ती, बाकी दोन्हींवर गल्लीतल्या दोघी बाया. तिचं माहेर फुलंब्रीकडचं, शेतीवाडीचं. "एवढ्या घरची लेक अन् लोकांच्या चड्ड्या शिवती," असं सोयरे कुजबुजायचे. ही त्यांना तोंडावर सांगायची, "दोन दिस चड्डीबिगर फिरून बघा, मग या बोलायला."

दुकानाला काम असायचं ते कारखान्यांतल्या कामगारांच्या युनिफॉर्मचं. तिचा नवरा कडूबा चितेगावच्या एका कारखान्यात मशीनवर होता. माणूस सोन्यासारखा, पण इज्जतीला लई जपणारा. दुकान उघडलं तवा त्यानंच पेंटर आणून भिंतीवर लिहून घेतलं होतं, 'अल्टरचे काम घेतले जाणार नाही.' जुन्या कापडाला हात लावणारं दुकान हलकं, असं त्याचं म्हणणं.

मग आली मंदी. म्हणं अमेरिकेत बँका बुडाल्या अन् इकडं कारखान्यांच्या पाळ्या बंद झाल्या. आता त्यांच्या बँकेचा अन् माझ्या काजाचा काय संबंध, तुम्हीच सांगा! पण युनिफॉर्मचा ठेकेदार आला अन् दारातूनच म्हणाला, "यंदा काम नाय बाई. माणसंच कमी केलीत, कापडं कुणाला घालायची?" तो गेला अन् तिन्ही मशिनी बंद पडल्या. आम्ही बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसलो.

आवडाबाई एक दुपारभर गप होती. एवढी गप तिला मी कधीच बघितली नाय, मला तर भ्याव वाटलं. दुसऱ्या दिवशी आले तर ही थिनरचं फडकं घेऊन भिंतीवरची ओळ पुसतीय.

"लोकं नवं शिवीनात, पण उघडी तर फिरत नायत ना? जुनंच घालत्यात. शर्ट आधी कुठं फाटतो, वच्छे?"

"कॉलरीला."

"मग!"

कॉलर उसवायची, झिजलेली बाजू आत घालायची, चांगली बाहेर काढायची अन् परत शिवायची. शर्ट आणखी दोन वर्सं ढकलतो. तिनं खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कॉलर उलटून मिळेल.'

सांजच्याला कडूबा डबा घेऊन आला, भिंत वाचली अन् पेटला. "अख्ख्या मुकुंदवाडीत माझं नाक कापलंस!"

"जाग्यावर हाय तुमचं नाक. हात लावून बघा," ही म्हणाली, मान वर न करता.

पण गिऱ्हाईक काय येईना. माणसं भिंत वाचायची अन् खाली बघून पुढं जायची. फाटका शर्ट घेऊन भर रस्त्यावरच्या दुकानात शिरायचं म्हणजे घरातली तंगी गावभर मिरवायची. एखादी बाई यायची, ती बी पदराखाली शर्ट लपवून. आलं तेवढं काम आवडाबाई आम्हा सगळ्यांत वाटायची, कुणाला घरी बस म्हणाली नाय. एकदा मी जुन्याच शर्टाला काय बघायचं म्हणून बटन दोन टाक्यांत उरकलं. तिनं ते ओढून तोडलं अन् माझ्या मांडीवर टाकलं. "मंदी बाजारात हाय, टाक्यात नाय." असा राग आला मला! पण लावलं परत, काय करता.

मग एका रविवारी दुकानापुढं टेम्पो येऊन उभा राहिला. आतून बद्रीनाथ उतरला, जुन्या मशिनी घेणारा. "दोन मशिनी न्यायच्यात. कडूबानं जबान दिलीय."

दोन मशिनी गेल्या की दोन बाया गेल्या, मग काज-बटनवालीला कोण ठेवतंय? कडूबा दारात उभा, नजर जमिनीला. "कामच नाय तर लोखंड कशाला जपायचं?" एवढंच पुटपुटला.

आवडाबाई जागची हलली नाय. तिच्या मशिनीवर कडूबाचाच शर्ट होता. "दारातून गेलेली मशीन परत येत नसती," ती म्हणाली. "न्यायची तर माझ्यासकट उचला." अन् पाय चालूच. तिचं बघून बाकी दोघींनी बी आपापल्या मशिनी धरून ठेवल्या.

सुट्टीचा दिवस, बघता बघता गर्दी जमली. लोकं हसाय लागली. बद्रीनाथ डोकं खाजवत म्हणाला, "बाईसकट मशीन म्या आजवर नेली नाय बुवा."

आवडाबाईनं दोरा तोडला, शर्ट झटकला अन् नवऱ्यापुढं धरला. "घाला. कॉलर फाटकी दिसली तर खुशाल न्या मशिनी. मी आडवी येणार नाय."

मला वाटलं, आता हा शर्ट फेकतो. कडूबानं तो घेतला, अंगात घातला. कॉलरीवरनं हात फिरवत राहिला, अन् त्याचे डोळे भरून आले. मग तो गर्दीकडं वळला.

"ही कॉलर फाटली होती. कळतंय का कुणाला?" पुढचे दोघं-तिघं वाकून बघाय लागले. "अन् मला कारखान्यानं दिवाळीलाच घरी बसवलंय. रोज डबा घेऊन निघतो अन् पैठण रोडला झाडाखाली बसून येतो. उसनंपासनं करून पगार म्हणून घरात ठेवत आलो, ते बी सरलं, म्हणून मशिनी विकाय निघालो."

मी आवडाबाईकडं बघितलं, तर ती सुईत दोरा ओवत होती. तेवढ्यात मागनं गल्लीतला रामकिसन बोलला. भिंतीवरची ओळ वाचून मघाशी सगळ्यात जास्ती हसलेला हाच गडी! "कडूबा, माझ्याकडं तसले चार हायेत रं. आणू का?"

"आण," आवडाबाई म्हणाली, "पण पिशवीत घालून नको. हातात धरून आण."

टेम्पो रिकामा गेला. दुसऱ्या दिवसापासून माणसं खांद्यावर शर्ट टाकून उजळ माथ्यानं यायला लागली. कडूबा ब्लेड घेऊन उसवायला बसला, कापडाला ओरखडा येऊ द्यायचा नाय. पुढं कारखाने सुरू झाले, युनिफॉर्मचं काम परत आलं, मशिनी बी वाढल्या. कारखान्यानं बोलावलं तर कडूबा गेला नाय. उलट पेंटर आणून खडूची ती ओळ त्यानं पक्क्या रंगात लिहून घेतली.

मला मात्र एक गोष्ट डाचत होती. एकदा चहा पिता पिता विचारलंच, "आवडाबाई, कडूबाचं काम गेलेलं खरंच तुला ठाव नव्हतं?"

"ठाव नसायला काय झालं? त्यांचा शर्ट मीच धुवायची ना. दिवाळीपासनं मशीनच्या तेलाचा एक डाग पडला नव्हता त्याच्यावर."

"मग रोज पहाटं उठून डबा कशाला बांधायचीस गं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच येडी.

"काम गेलं म्हणून माणसाची भूक जाती व्हय?"