पहिलं माप

आमचे मिस्त्रीमामा मोटारीच्या पेट्रोलच्या काट्याला ‘लबाड साक्षीदार’ म्हणत. त्याच्याकडे बघण्याआधी ते टाकीवर बोटाने टकटक करत, कान लावत आणि किती पेट्रोल आहे ते बहुधा बरोबर सांगत. मुंबईच्या गिरणीतला हा फिटर इस्रायलला आला आणि बेर्शेबाजवळच्या वस्तीत माझा शेजारी झाला.

माझ्या जुन्या मोटारीचा काटा टाकी कोरडी असतानाही भरलेलीच दाखवी. बायकोला, रिबकाला, नववा लागलेला, इस्पितळ बेर्शेबात, पेट्रोल रेशनवर. मी हुशारी करून टाकीतल्या तरंगत्या गोळ्याची दांडी वाकवली आणि काटा खाली आणला. मामा म्हणाले, “शाब्बास! थर्मामीटर वाकवून ताप उतरवलास.”

शुक्रवारी सकाळी त्यांनी स्वतः गंज खरवडला, दांडी सरळ केली, नवी तार जोडली. बॉनेटवर पाण्याची बशी ठेवून मोटार सपाट उभी असल्याची खात्री केली. मग रिकाम्या टाकीत मी पाच-पाच लिटर ओतायचं, “झालं” म्हणायचं आणि मामांनी काट्याच्या काचेवर पांढरी खूण करायची. पहिल्याच मापाला बडबडीच्या नादात माझ्या हातून निम्मं पेट्रोल मातीत गेलं. मामांच्या जिभेला भिऊन मी म्हणालो, “झालं!” वर दुपारभर मोटार फिरवत त्या खुणा मित्रांना दाखवत हिंडलो.

शनिवारी पहाटे रिबकाला कळा सुरू झाल्या. शुक्रवारी संध्याकाळी लागणाऱ्या शब्बाथला, आम्हा ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, दिवाही न लावणारे मामा आमच्याबरोबर मोटारीत बसले आणि या वेळी टकटक न करता आपल्या खुणांकडे बघून म्हणाले, “काटा पाचवर आहे. बेर्शेबाला चार पुरतं. चल!”

मी तेव्हाही गप्पच. निम्म्या वाटेत मोटार थांबली.

मामांनी टाकीवर टकटक केली. चेहरा उतरला. “माझंच माप चुकलं गं, रिबका.”

तेवढं मात्र मला ऐकवेना. खरं सांगून टाकलं. रिबका कळा विसरून ओरडली, “गाढवा!” मामा डबा उचलून पुढच्या लष्करी चौकीकडे धावत सुटले. साठीचा माणूस! पेट्रोल आणून त्यांनी स्वतःच ओतलं, थेंब न सांडता.

तासाभरात मुलगी झाली. इस्पितळात मी पुटपुटलो, “मामा, माझ्यापायी तुमचा शब्बाथ गेला.”

“शब्बाथ पुढच्या शुक्रवारी परत येतो,” ते म्हणाले. “ही आली असती का?” मग पेट्रोलचा वास येणारे हात पाठीमागे धरून ते तिच्यावर वाकले आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले.