केळं म्हणवून घेणारी बाई

मध्यप्रांताच्या जमान्यात मी नागपुरात पहिलीचा मास्तर होतो. वर्गातल्या पोरांना ‘ळ’ म्हणता येत नसे. डोळ्याला ती डोया म्हणत आणि केळ्याला केयं. डिप्टीसाहेब तपासणीला यायचे होते आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. जीभ कशी वळते ते दिसावं म्हणून मी हातआरसे आणले. पोरं त्यात आपले दात पाहत बसली.

शाळेच्या फाटकाशी एक बाई टोपलीत केळी घेऊन बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. हताश होऊन तिला म्हणालो, "जो ‘केळं’ म्हणेल त्यालाच द्या." तिला स्वतःला ते म्हणता येत नव्हतं, पण कान पक्का होता. पदर कानामागे सारून ती ऐकायची. "नाई जमलं गा, पुन्हा म्हन," म्हणत केळं मागे घ्यायची. पंधरा दिवसांत अख्खा वर्ग ‘ळ’ म्हणू लागला.

"पन लेकरं घरी केयंच म्हनते," ती हसून म्हणाली. "मायले तेच समजते ना!"

डिप्टीसाहेब खूश झाले. "कोणती युक्ती केलीत?" त्यांनी विचारलं.

"आरसे, साहेब," मी म्हणालो.

शेऱ्यात त्यांनी आरशांची तारीफ केली आणि फाटकाशी फेरीवाले बसू देऊ नयेत, असंही लिहिलं. माझी नोकरी पक्की झाली. तिला उठवायला मलाच जावं लागलं.

टोपली डोक्यावर घेत ती म्हणाली, "रोज म्हनवून घेजा मास्तर, नाईतं लेकरं इसरतीन."