छांबरावाचं बारसं

घ्या, चहा घ्या. पण पोराचं नाव ऐकून असं माझ्याकडं बघू नका. छांबराव. हां हां, छांबराव! ठेवणारी मीच, त्याची सख्खी आत्या. सांगून सांगून तोंड दुखायलंय माझं, पण तुमी कुठं सोडायलात?

बांगलादेशाची लढाई झाली तवाची गोष्ट. माझा धाकटा भाऊ किसन फौजेत, पार तिकडं काश्मीरकडं, छांब गावाच्या मोर्च्यावर. इकडं मानवतला त्याची बायको कमल बाळंत झाली, पोरगा झाला. लढाई थांबली तरी किसनची खबर न्हाई. कमल पोराला पाजता पाजता रडायची. मी तिला दटावायची आन् चुलीपाशी जाऊन स्वतःच रडायची.

बारसं तर करायलाच पायजे. नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यात कुणी बोलायचं काम न्हाई. आन् त्या साली गल्लीत लढाईशिवाय दुसरी नावं होती कुठं? शिंप्याचा जनरल, मास्तराचा मेजर. शेजारणीला तर पोरगी झाली, तिचं नाव ढाकाबाई!

कमल हळूच म्हणाली, "अक्का, विजय ठेवा की."

"विजय? अगं, हाक मारली तर अर्धी गल्ली 'ओ' देती! आपल्या पोराला बापाच्या पराक्रमाचं नाव पायजे."

आता पराक्रम कुठला? रेडिओ तर रोज सांगायचा, छांबमधी घनघोर लढाई. रोज! मला वाटलं, ज्या गावाचं नाव एवढ्या वेळा घेतेत, तिथं आपले लोक केवढं जिंकायलेत! झालं. पाळण्यात वाकले, पोराच्या कानात कुर्र केलं आन् सांगून टाकलं. बायकांनी रिवाजापरमाणं माझ्या पाठीत धपाटे घातले. थोडे आगाऊ घातले असते तर बरं झालं असतं.

थंडी सरता सरता किसन आला. जित्ता, धडधाकट! आधी त्याला पोटाशी धरून पोटभर रडले. मंग पोरगं त्याच्या मांडीवर ठेवलं आन् ताठ मानेनं सांगितलं, "हा बघ तुझा छांबराव!"

किसननं कपाळाला हात लावला.

"का रं, पसंत न्हाई का?"

"अक्का, छांब गेलं."

"आता गं बया! कुठं गेलं?"

"हातचं गेलं. आमी नदी वलांडून माघारी आलो. एवढे मुलूख जिंकले आपण, आन् तुला नेमकं तेच गाव घावलं का गं?"

माझं तोंड एवढंसं झालं. कमल पदर तोंडाला लावून हसायली. बाई कितीक दिवसांनी हसली.

"मंग बदलू की," मी म्हणले. "विजय ठेवू."

किसननं पोराला छातीशी घेतलं. "राहू दे अक्का. माझ्या संगतीची लय पोरं तिथंच राहिली. घरात नाव निघत जाईल."

लय वाईट वाटलं मला.

पुढं त्याला दुसरं पोरगं झालं. बारशाला मी गेलेच, मान कुणी सोडतं का? पाळण्यापाशी वाकणार, तेवढ्यात किसननं दंडाला धरून मला बाजूला घेतलं. माझ्याच कानाशी लागून 'विजय' म्हणाला. वरून चारचौघींत माझ्याकडनं घोकून घेतलं, आन् मगच पाळण्यापाशी सोडलं.

आता तुमीच सांगा, बारसं कुणाचं झालं? पोराचं का माझं?