आईचं हिरवं इरकल

आमच्या गावात दर हिवाळ्यात सोलापूरहून फोटोवाले येतात. गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या आणि तोंडात एकच शब्द, नॅचरल. नव्या स्लॅबच्या घरांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. पडकी भिंत दिसली की मात्र हरखून जातात.

असाच एकजण आमच्या दारात आला. आई मेंढरं कोंडत होती, अंगावर कामाचं, ठिगळं लावलेलं लुगडं. फोटो काढणार म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. मोबाईलमधल्या फोटोला ती फोटो मानतच नव्हती. मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेला, भिंतीवर टांगलेला एक तरी फोटो तिला हवा होता. "थांबा की वाईच, लुगडं बदलून येते," म्हणत ती आत पळाली आणि ट्रंकेतलं हिरवं इरकल नेसून, नथ घालून आली.

त्यानं कॅमेरा खाली घेतला. "नको मावशी, मघाचंच छान होतं. ह्यात गाव दिसत नाही."

आई आत जाऊन पुन्हा कामाचं लुगडं नेसून आली. मग त्या ठिगळांत त्यानं तिला उभी केली, बसवली, मान खाली घालायला लावली, कडेवर कोकरू दिलं. शेवटी ती म्हणाली, "आता हिरव्यातला एक काढा की." तोवर उजेड गेला होता म्हणे. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

फोटोला बक्षीस मिळालं. गावानं त्याचा भलामोठा फ्लेक्स करून आईचा सत्कार ठेवला. ती इरकल नेसून त्या फ्लेक्सखालीच बसली होती. पाहुणे शाल घेऊन उठले, इकडंतिकडं बघत म्हणाले, "फोटोतल्या बाई आल्या नाहीत का?" मंडपात हशा पिकला. आईही हसली, तोंडाला पदर लावून.

या दिवाळीत मी मित्राचा चांगला कॅमेरा मागून आणला. पाडव्याला आई तेच इरकल नेसून अंगणात बसली होती. मी कॅमेरा पिशवीतून काढला. म्हणालो, "आई, तुझा फोटो काढतो. मोठा करून भिंतीला लावू."

"थांब," म्हणून ती आत गेली. नथ आणायला गेली असेल, असं मला वाटलं.

ती बाहेर आली ती ठिगळांचं लुगडं नेसून. भिंतीपाशी उभी राहिली आणि त्या फोटोवाल्यानं शिकवली होती तशी मान खाली घातली.

"काढ की," ती म्हणाली.