भागीरथाबाईचं थंड जाकीट

उन्हाचा राग भागीरथाबाईला कधी आला नाही. ऊन अकोल्याचं, जन्मापासून पाठीवर बसलेलं. त्याच्याशी भांडून काय होणार? तिचा राग माणसांवर. सावलीत खुर्ची टाकून बसायचं आणि उन्हात राबणाऱ्याला ‘हात चालवा’ म्हणायचं, असल्या माणसांवर. त्यांना ती तोंडावर बोलायची, आणि असं बोलायची की ट्रकवालेसुद्धा तिच्या तोंडी लागत नसत.

बार्शीटाकळीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर ती खडी टाकायची. मागं एका उन्हाळ्यात तिची सोबतीण इंदूबाई डोक्यावर घमेलं असतानाच कोसळली, ती उठलीच नाही. त्या दिवशी साऱ्या बायांनी घमेली खाली आपटली. भागीरथाबाई पुढं आणि बाकीच्या मागं. मुकादम खुशालरावांच्या नाकी नऊ आले, तेव्हा कुठं भर दुपारची सुट्टी मिळाली. उन्हं कलेपर्यंत निंबाखाली बसायचं. असं बसू द्यावं म्हणून वरून दरसाल फर्मान येतच होतं म्हणे! आलं असेल. फर्मानाला कुठं ऊन लागतं?

तिची मुलगी दीक्षा अमरावतीला होस्टेलवर राहून पॉलिमरवर संशोधन करत होती. भागीरथाबाईला एवढंच माहीत, की पोरगी रसायनाच्या लांबलचक साखळ्या जोडते. त्या साखळ्यांचं जाळं पाणी धरून ठेवतं. कापसाच्या वाया गेलेल्या तंतूंपासून दीक्षाच्या चमूनं तसले दाणे तयार केले, ते कापडाच्या दोन पदरांत शिवले आणि जाकीट केलं. पाण्यात बुडवलं की दाणे भिजल्या साबुदाण्यासारखे फुगायचे. मग वारा लागला की पाणी हळूहळू उडायचं, आणि उडताना पाठीची गरमी घेऊन जायचं.

प्रयोगशाळेत सगळं ठाकठीक झालं. आता खऱ्या उन्हात, खऱ्या माणसांवर बघायचं होतं. दीक्षानं सरळ आईचीच टोळी निवडली.

“अरी भागीरथा, तेरी पोट्टीने तो पीठ पे सुराही बांध दी!” पहिल्यांदा जाकीट घातलं तेव्हा रजियाबी ओरडली. ही भागीरथाबाईची जोडीदारीण, घमेलं भरून देणारी. बाया हसल्या. भागीरथाबाईचा ऊर तर असा भरून आला की विचारू नका. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ती सांगायची, “माया पोरीनं बनवलं हे. हात लावून तं पाहा!”

आणि इथंच माशी शिंकली. तिसऱ्याच दिवशी खुशालराव म्हणाले, “आता तुमाले थंड जाकीट भेटलं. मंग दुपारी बसाचं काहून? चाला, उचला घमेली.”

बघा माणसाची अक्कल! पोरीनं पाठ निवावी म्हणून वस्तू केली, आणि यानं तिच्यातून दुपारची मजुरी पिळून काढली. रजियाबीनं भागीरथाबाईकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आता ही फाडून खाते मुकादमाला, असं प्रत्येकीला वाटलं.

पण भागीरथाबाई गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदा.

तिच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. आपणच सावलीत जाऊन बसलो तर लोक म्हणतील, हिच्या पोरीचं जाकीट फुसकं निघालं. मग पोरीची डिग्री अडेल, तिचे सर तिला बोलतील. आपल्या घरात पहिल्यांदा कुणी एवढं शिकलं आणि आपणच त्याच्यावर माती टाकायची? नाही बा. तिनं घमेलं उचललं. ती उठली म्हणून बाकीच्याही उठल्या.

मग पाण्याचा टँकर वेळेवर आला नाही असा एक दिवस उजाडला. जाकीट सुकलं. आणि सुकलेलं ते जाकीट म्हणजे काय? अंगाला वारा लागू न देणारं बोचकं. रजियाबीनं आपलं केव्हाच काढून फेकलं. “उतार दे, पागल! मर जाएगी,” ती ओरडत होती. भागीरथाबाईनं काढलं नाही. तिच्या बाटलीत प्यायचं पाणी होतं. घसा कोरडा पडलेला, जीभ टाळूला चिकटलेली, आणि या बाईनं ती बाटली पाठीवर रिकामी केली. जाकिटाला पाजलं, स्वतःला नाही.

थोड्याच वेळात ती खडीवर पालथी पडली.

दीक्षा बस पकडून अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात धावत आली, तेव्हा आईला सलाईन लागलेलं होतं. रजियाबीनं दारातच तिला सारं सांगितलं. डोळे उघडल्यावर भागीरथाबाई काय म्हणाली असेल?

“रिपोर्टात लिहू नको व माय, मी पडली म्हून. जाकीट चांगलं हाय.”

दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात तिच्या सरांचा फोन आला. आईची विचारपूस त्यांनी केली. नाही केली असं नाही. मग म्हणाले, “वापरणाऱ्यांनी सूचना पाळल्या नाहीत, अशी नोंद करून टाक.”

“सर, पाणी संपलं होतं आणि सुट्टी बंद केली होती. कोणत्या सूचना पाळायच्या होत्या तिनं?” दीक्षा एवढी कडाडली की नर्स दारात आली. दीक्षानं फोन ठेवला आणि आईकडं वळली.

“प्याचं पाणी जाकिटावर ओततं काय कोणी? ते पाठ थंड करते आई, सावली नाई होत ते! आणि माया नावापायी उन्हात उभी राह्यली? तू गेली असती तं ते नाव काय चुलीत घातलं असतं मी?”

“तुई डिगरी...”

“मसनात गेली डिगरी! मी लिहीन. आई पडली, पाणी नव्हतं, दुपार हिसकून घेतली, सारं लिहीन. सरायले नाई आवडलं तं नाई आवडलं.” आणि मग ती पोरगी आईच्या पायाशी बसून ढसाढसा रडली.

भागीरथाबाई छताकडं बघत राहिली. पोरीनं बोललेलं एकेक तिला लागत होतं. जिच्या नावासाठी आपण जळालो, तिला ते नावच नको होतं. आणि तिकडं मुकादम आरामात खुर्चीवर! मेलो असतो तर त्यानं म्हटलं असतं, बाईनं जाकीट नीट घातलं नाही. लाज वाटली तिला, आणि लाजेच्या मागून तिचा तो जुना राग आला. चांगला फणफणत आला.

डॉक्टरांनी जा म्हटल्यावर ती कामावर गेली. सकाळभर खडी टाकली. दुपार चढली तशी आधी पोटभर पाणी प्यायली, मग जाकीट भिजवून अंगात घातलं आणि निंबाखाली जाऊन मांडी घालून बसली. रजियाबी तिच्या शेजारी टेकली. मागोमाग एकेक करत साऱ्या बाया.

खुशालराव तरातरा आले. “हे काय चालू हाय? जाकीट घालून सावलीत? बसाचंच असन तं जाकीट काढून ठेवा!”

“काहून काढू?” भागीरथाबाई म्हणाली. “पाठ माई, जाकीट माया पोरीचं. तुमचं काय हाय यात?”

“काम पडलं हाय तिकडं!”

“पडू द्या. मी पडली तवा तुमी उचलाले आलते काय?”

खुशालराव तिथंच उभे राहिले. डांबरावरून झळा येत होत्या, शर्ट पाठीला चिकटला होता. एकदा घड्याळ बघितलं, एकदा रस्ता बघितला. शेवटी रुमालानं मान पुसत तेही निंबाकडं आले.

कोणी सरकून जागा दिली नाही.